दोरीच्या नऊ गाठी

४ मार्च, दुपार
आणि सगळ्यात आधी कोण आलं, तर शेजारची बदकवाली. पाहुणे माझे, पायऱ्या माझ्या, पण खुर्चीवर पहिली बसली ती. तिच्या मागून पाहुणे. एक चष्मेवाली मुलगी आणि मांडीपर्यंत रबरी बूट घातलेले साहेब. पाण्याची तपासणी करतात. आमच्या मागच्या दारातून चार पायऱ्या उतरलं की खारं तळं, समुद्राला चिकटलेलं. पायऱ्यांसमोर पाण्याखाली गवत आहे, हातभर उंच. सगळ्या काठाचं गेलं, माझं तेवढं राहिलं. बूटवाले म्हणाले, हे शेवटचं. मी म्हटलं, हाताचा गुण असतो. ते हसले. म्हणजे पटलं.

मला काम दिलंय. एक काळी-पांढरी थाळी, तिच्या दोरीला चार-चार बोटांवर गाठी. रोज सकाळी दहाला थाळी पाण्यात सोडायची. दिसेनाशी झाली की किती गाठी बुडाल्या ते वहीत लिहायचं. आज नऊ. वहीसुद्धा त्यांनीच दिली. मी चौथीपर्यंतच शिकले, पण आकडे वळणदार काढते. वहीत पुढून गाठी, मागून माझं मन. मागचं कुणी वाचणार नाही, तेव्हा खरं तेच लिहीन.

जाताना चष्मेवाली म्हणाली, आजी, गवत टिकलं तर तुमच्या पायऱ्यांवर पाटी लावू, ‘गवताची राखणदार’ म्हणून. फक्त पाण्यात काही टाकू नका. मी काय खुळी आहे?

६ मार्च
नऊ. बदकवालीने विचारलं, तुझ्यातच एवढं काय बघितलं त्यांनी. मी सांगितलं, गुण.

११ मार्च
नऊ. पण गवताची टोकं पिवळट दिसतात. चाळीस वर्षं बाग केली, पिवळं पान म्हणजे भूक, हे मला कुणी शिकवायला नको. बिचारं इतकी वर्षं नुसत्या खाऱ्या पाण्यावर. कोंबड्यांच्या खुराड्यातली घाण आठवडाभर बादलीत भिजवली की माझा भोपळा कसा उसळी घेतो. तेच पाणी दोन तांबे पायरीवरून सोडलं. काही टाकू नका म्हणाली होती, पण ते कचऱ्याबद्दल. जेवण म्हणजे कचरा नव्हे. आमच्या ह्यांना सांगितलं नाही. ह्यांना प्रत्येक गोष्टीचं कारण लागतं.

१९ मार्च
आठ. ढग असतील. (ढग नव्हते.) पाण्याला छान हिरवी झाक आलीय. हिरवं म्हणजे लागू पडलं. उद्यापासून तांब्या नाही, बादली.

२ एप्रिल
सहा. पाहुणे आले, किती आनंद झाला. चांगले कप काढले. चष्मेवालीने बाटल्यांत पाणी भरलं. बूटवाले पाण्यात उतरले आणि गवताचं एक पातं वर आणून दाखवलं. त्याला केसांसारखं लिबलिबीत शेवाळ चिकटलेलं. चष्मेवालीने समजावलं की पाण्यात खत उतरलं की आधी बारीक हिरवळ माजते, पाणी गढूळ होतं, वर सावली धरते. खाली गवताला ऊन मिळत नाही, ते गुदमरून मरतं. म्हणाली, आजी, कुठूनतरी खत येतंय.

कुठूनतरी काय, मला लगेच कळलं. एकोणीस बदकं, आणि त्यांना कुठे संडास आहे? जी बाई माझ्या खुर्चीवर बसली, माझा चहा प्याली, तीच माझ्या गवताच्या मुळावर उठली. जीव तुटला अगदी.

३ एप्रिल
तिच्यामुळे गवत अशक्त झालंय. आजाऱ्याला खुराक वाढवतात. दोन बादल्या.

१० एप्रिल
चार. माझी नजर गेली. उद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे.

१४ एप्रिल
नवा चष्मा आला. तीन. डॉक्टरनेही फसवलं.

२० एप्रिल, संध्याकाळ
तीन. ह्यांची खेकड्यांची टोपली आज चौथ्यांदा रिकामी. खेकडे त्या गवतातच राहायचे. हे म्हणाले, भाडेकरू घर सोडून गेलेले दिसतात. माझ्याकडे बघत म्हणाले. मी बादली पाठीमागे धरली.

सूनबाई म्हणाली, आई, पायऱ्यांपाशी वास येतो. मी म्हटलं, बदकं. ती म्हणाली, बदकं कधीच बहिणीकडे पोचवली शेजारच्या काकूंनी, मार्चच्या सुरुवातीलाच, बूटवाल्या साहेबांनी सांगितलं म्हणून. म्हणजे दीड महिना मी कुणाचं क्वॅक क्वॅक ऐकत होते? आणि मला सांगितलं कुणी? कुणीच नाही. घरातल्या घरात असा विश्वासघात.

वास हवेबरोबर येत असेल.

२१ एप्रिल
दोन. पाच लिहावं असं मनात आलं. पेन टेकवलंही होतं. पण राखणदाराने खोटं लिहू नये. दोन लिहिलं.

२९ एप्रिल, सकाळी नऊ
आज पाहुणे. गवत टवटवीत दिसावं म्हणून तीन बादल्या दिल्या. पाटी कुठे ठोकायची तेही ठरवलंय, दाराच्या उजव्या अंगाला.

२९ एप्रिल, दुपार
कोंबड्यांच्या खाद्याच्या पिशवीवर लिहितेय, कारण वही ते घेऊन गेले. आकडे कॉम्प्युटरवर चढवायचे आहेत म्हणाले. बूटवाल्यांनी माझ्या अक्षराचं कौतुक केलं. आज एकच गाठ.

३० एप्रिल
वही. मागची पानं.

१ मे
जेवले नाही. ह्यांनी कारण विचारलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

६ मे
आले. बदकवालीही आली, पण आज मीच तिला खुर्ची दिली. मला एकटीला बसवेना.

चष्मेवाली रागावली नाही, तेच वाईट. बूटवाल्यांनी वहीची पुढची पानं आणि मागची पानं शेजारी शेजारी धरली. तांब्या, आठ. बादली, सहा. दोन बादल्या, चार. म्हणाले, खताने पाण्याखालचं गवत कसं मरतं याचा इतका स्वच्छ पुरावा बारा वर्षांत हाती लागला नव्हता. तारखेसकट. वळणदार आकड्यांत. बदकवाली, डॉक्टर, सून, सगळ्यांना मी माफ केलं. वहीला नाही. तिला मी काय कमी केलं होतं?

मग ते पाण्यात उतरले. हाताला चार काळे बुडखे लागले. गवत नाही.

मी विचारलं, पुन्हा लावलं आणि पुन्हा पिवळं पडलं, तर काय द्यायचं? चष्मेवाली म्हणाली, काही नाही, आजी. नुसतं बघायचं. मी दोन मुलं, सहा नातवंडं, कोंबड्या आणि एक नवरा वाढवला. काही न देता नुसतं बघणं मला कुणी शिकवलंच नाही. हे उठले, बादली उचलली आणि भोपळ्याजवळ नेऊन ठेवली.

थाळी, दोरी, गाठी, सगळं बदकवालीच्या हातात गेलं. पाटीचं कुणी बोललं नाही. मीही नाही.

निघताना चष्मेवाली म्हणाली, येत्या गुरुवारी नक्की येतो. मी लगेच कप मोजायला घेतले. मग कळलं, बदकवालीकडे.