तळ्याचा शाकाहारी अध्यक्ष

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

मु. नागरकुंडी, सास्तूरजवळ,
जि. उस्मानाबाद
ता. १२ फेब्रुवारी १९६१

ती. सौ. जगदेवी अक्का यांच्या पायांशी धाकट्या सोमलिंगचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सगळे खुशाल आहोत. तुमच्या भावजयीचे, नागम्माचे, गुडघे दुखतात, पण माझ्या नावानं ओरडायला ते आड येत नाहीत. विशेष बातमी अशी, की तुमचा भाऊ अध्यक्ष झाला. पत्र बाजूला ठेवून हसून घ्या आणि मग पुढं वाचा.

आपल्या तळ्याचा बांध दोन वर्षांमागं फुटला आणि तळं रिकामं झालं, हे तुम्हाला ठाऊक आहेच. आता तो बांधायचा, गाळ काढायचा आणि पुन्हा मासे सोडायचे, असं पंचायतीनं ठरवलं. त्यासाठी कमिटी झाली. कमिटीत गावातले सगळे आले: पाटील, मास्तर, दोन वाणी, चहाच्या हॉटेलवाले गफारभाई. अध्यक्ष कोण, यावर तीन बैठका भांडणात गेल्या. ज्याचं नाव निघे त्याच्याबद्दल बाकीचे म्हणत, हा पहिली मरळ स्वतःच्याच घरी नेणार. शेवटी गफारभाईंनी तोडगा काढला, की गळ्यात लिंग असलेला माणूस बसवा, तो माशाला हातसुद्धा लावणार नाही. अशा रीतीनं ज्याला पोहता येत नाही, आणि मासळीबाजारावरून जाताना जो नाकाला उपरणं लावतो, तो तुमचा भाऊ मासेमारीच्या तळ्याचा अध्यक्ष झाला. माझी लायकी म्हणाल तर एवढीच, की मी मासे खात नाही.

नारळ फोडून पहिली कुदळ मीच मारली. ती माझ्या अंगठ्यावर बसली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्या कुदळीला की अंगठ्याला, हे मी विचारलं नाही.

एक गोष्ट मात्र मनाला लागून राहिली आहे. भोयांची सहा घरं होती, त्यातली पाच पोट भरायला सोलापूरला गेली. कोंडीराम भोई मागं राहिला आहे. त्याची जाळी दोन वर्षं आढ्याला टांगलेली आहेत. तो म्हणाला, मिरगाच्या आत बांध झाला तर राहतो, नाहीतर मी पण बिऱ्हाड हलवतो. तो गेला तर तळ्यात पाणी आलं काय आणि मासे आले काय, जाळं टाकणारं कुणी उरणार नाही. तेव्हा मिरगाच्या आत बांध पुरा करायचाच, असं मी बोलून बसलो आहे. बोलायला मला कधीच वेळ लागत नाही.

भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. अध्यक्ष झालो तरी माया कमी करू नका.

तुमचा
सोमलिंग


भूम, ता. २१ फेब्रुवारी १९६१

चि. सोमलिंग यास जगदेवीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र ह्यांना वाचून दाखवलं. हे दुकानात बसून एवढे हसले, की गिऱ्हाईकाला साखरेऐवजी मीठ बांधून दिलं. अंगठ्याला हळद लाव.

चेष्टा बाजूला ठेवून सांगते, तू हे काम हातात घेतलंस ते बरं केलंस. आमच्या भूमला आत्ताच विहिरीवर घागरींची रांग लागते. लहानपणी आपल्या तळ्याच्या पायरीवर पाय सोडून बसायचो, ते इथं कुणाला सांगितलं तर खोटं वाटतं. फक्त एक लक्षात ठेव. तुला एक काम चालू असताना दुसरं सुचतं. लग्नात पंगत बसलेली असताना तू मांडव हलवायला निघाला होतास. एवढा बांध होईपर्यंत दुसरं काही डोक्यात घेऊ नकोस.

नागम्माला तेल पाठवते आहे. तुझ्यावर जीव आहे म्हणूनच रागावते, हे समजून असावंस.

तुझी
अक्का


मु. नागरकुंडी, ता. २६ मार्च १९६१

ती. अक्काच्या सेवेशी सोमलिंगचा नमस्कार. वि. वि.

तेल पोचलं. तुमचा उपदेश पोचायला मात्र चार दिवस उशीर झाला, तोवर मी दुसरं काम करून बसलो होतो. रागावण्याआधी सगळं ऐकून घ्या.

तळ्याच्या कोपऱ्यात, चिंचेखालच्या घाटाशी, थोडा चिखल अजून ओला आहे. तिथं मी काठी खुपसली तर बुडबुडे आले. मी विडी पेटवत होतो. काडी खाली टाकली आणि भक्‌ करून निळा जाळ झाला. माझी डावी भुवई गेली. नागम्मा म्हणते, अर्धाच माणूस आश्चर्य करतोय असं दिसतं.

तुम्हाला माहीत आहे, मी उर्दू मिडल पास आणि त्यात पेपर वाचणारा. पेपरात सरकार जागोजागी जमिनीतलं तेल आणि गॅस शोधतंय असं वाचलं होतं. मी त्याच दुपारी कलेक्टरसाहेबांना अर्ज लिहिला, की नागरकुंडीच्या पोटात गॅसचा साठा असून तो मी स्वतः पेटवून पाहिला आहे. खाली सही केली, ‘अध्यक्ष’. अर्जाला कुणी विचारणार नाही अशी माझी खात्री होती. आजवर माझ्या एकाही अर्जाला कुणी विचारलेलं नाही.

पाडव्यानंतर जीप आली. एक साहेब, चार माणसं, लोखंडी नळ्या. साहेबांनी बुडबुडे बाटलीत धरले, आणि म्हणाले की गॅस आहे खरा, पण खाली किती आहे ते भोक पाडल्याशिवाय कळणार नाही. मोठं यंत्र यायला पावसाळा उलटेल. तोवर गाळाला हात लावायचा नाही, बांध घालायचा नाही, तळं यंदा कोरडंच ठेवायचं.

आता गावात दोन तट पडले आहेत. एक तट म्हणतो, कारखाना येईल, घरोघर दिवे लागतील, पोरांना सोलापूरला जावं लागणार नाही. गफारभाई त्यांचे पुढारी. त्यांनी हॉटेलवर नवी पाटी लावली आहे, ‘गॅस हॉटेल’, आणि चहा मात्र अजून शेणीवर होतो. दुसरा तट म्हणतो, आधी पाणी. बैठकीत मी दोन्ही बाजूंनी बोललो. तळ्याचा अध्यक्ष मीच आणि गॅसचा जनकही मीच, करणार काय. लोकांनी मला हार घातला, तो मी काढला नाही, घरापर्यंत घालून आलो.

कोंडीराम बैठकीला बाहेर उभा होता. परत जाताना मला एवढंच म्हणाला, “मालक, गॅस निघंल तवा निघंल. पाणी मातर यंदाच पायजे.” काल पाहिलं तर त्यानं जाळी आढ्यावरून खाली काढून गठ्ठे बांधायला घेतले आहेत. अक्का, मला झोप नीट लागत नाही.

चूक झाली असली तरी तुमचाच भाऊ आहे, हे विसरू नका.

तुमचा
सोमलिंग


भूम, ता. ४ एप्रिल १९६१

चि. सोमलिंग यास आशीर्वाद. वि. वि.

चिंचेखालच्या घाटाशी असं तू लिहिलंस, आणि माझ्या हातातलं लाटणं तिथंच राहिलं. सोमलिंग, तुझ्या डोक्यात काय भरलंय? तिथं आपली अंबाडी आहे.

रझाकारांच्या त्या वर्षी मी बाळंतपणाला माहेरी होते. अप्पांनी अंबाडीचं पीक काढलं होतं. दोऱ्यांसाठी सडवायला पेंढ्या त्या कोपऱ्यात पाण्यात बुडवल्या. तू स्वतः वर दगड रचलेस आणि दगडांवर उभा राहून नाचलास, हे मी या डोळ्यांनी पाहिलं आहे. मग आठ दिवसांत ती धावपळ झाली, आपण गाडी जुंपून सोलापूर गाठलं. वर्षभरानं परत आलो तोवर घर सावरायचं होतं, अंबाडी कुणाच्या ध्यानात राहणार? वरून गाळ बसत गेला. आज तेरा वर्षं ती खाली कुजते आहे, आणि तू तिचा कलेक्टरला अर्ज केलास.

आणखी एक आठवतं, ते लिहू की नको असं झालं होतं, पण लिहिते. पेंढ्या बुडवायच्या आदल्या दिवशी कोंडीरामचे वडील आपल्या दारात आले होते. हात जोडून म्हणाले होते, की अंबाडी सडली की मासे मरतात, इथं नका टाकू, खालच्या डबक्यात टाका. अप्पा म्हणाले, यंदाच्या वर्षी चालवून घे. पुढं मासे मेले की राहिले ते पाहायला आपण नव्हतो. मी दाराच्या आड बाळाला घेऊन उभी होते. मीही काही बोलले नाही.

आता तू बोल. गाव हसेल, हसू दे. तुला हसं करून घेण्याची सवय आहे, कोंडीरामला उपाशी राहण्याची सवय लावू नकोस.

काळजी करणारी,
अक्का


मु. नागरकुंडी, ता. २ मे १९६१

ती. अक्काच्या चरणी अपराधी सोमलिंगचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी बोलायला हवं होतं. मी बारा दिवस बोललो नाही. पहिले चार दिवस मनाला समजावलं, की अक्काचं वय झालं, तिला घाट कुठला ते आठवत नसेल. पाचव्या दिवशी सकाळी एकटा गेलो, पहारीनं चिखल उकरला, आणि काळी काडी वर आली. वास असा, की ओळख पटायला पत्राची गरज नव्हती. मी ती काडी पुन्हा चिखलात खुपसली आणि वर माती ओढली. हे तुम्हालाच सांगतो आहे, नागम्मालाही सांगितलेलं नाही. हार घातलेल्या माणसाला मान खाली घालणं फार जड जातं.

मग एका सकाळी कोंडीरामच्या दारात गाडी उभी दिसली. जाळ्यांचे गठ्ठे चढवलेले, वर मडकी. मी त्याला थांब म्हणालो, आणि तसाच तळ्याकडं पळालो. चिखलातून पेंढीच्या पेंढी उपसली, ती दोन्ही हातांत धरून गॅस हॉटेलात गेलो. पुन्हा पाहणीला आलेले साहेब तिथं चहा पीत होते. मी म्हणालो, “साहेब, हा तुमचा गॅस. हा आमच्या घरच्या अंबाडीचा आहे. ती मीच बुडवलीय.” चिखल माझ्या धोतरावरून साहेबांच्या बुटापर्यंत गेला होता.

लोक एवढे हसले, की पाटीलसुद्धा बाकावरून घसरले. साहेब हसले नाहीत. चार माणसं घेऊन गेले, दगड बाजूला केले, पेंढ्या काढल्या, दोन दिवस जागोजागी नळ्या घातल्या. दुसरीकडं कुठं एक बुडबुडासुद्धा नाही. तिसऱ्या दिवशी जीप गेली. गफारभाई माझ्याशी बोलत नाहीत. त्यांचा थोरला सोलापूरला गिरणीत आहे, तो परत येईल अशी आशा त्यांनी धरली होती. त्यांचा राग खोटा नाही. बाकी गावानं मला ‘वायुअध्यक्ष’ पदवी दिली आहे.

पण कोंडीरामनं गाडी सोडली. जाळी उतरवली नाहीत, नुसते बैल सोडले.

मिरगाला महिना उरला आहे आणि गाळ काढायला कुणी येत नव्हतं. पहिल्या दिवशी मी, नागम्मा आणि कोंडीराम, तिघंच. मी पाटी घेऊन चढताना चिखलात उताणा पडलो. दुसऱ्या दिवशी ते पाहायला दहा जण आले. मी त्यांना निराश केलं नाही. नुसतं बसून पाहणं बरं दिसेना म्हणून त्यांनी पाट्या हातात घेतल्या. आता साठ माणसं येतात, गाळ गाड्यांनी शेतात जातो, आणि अध्यक्ष रोज एकदा तरी पडतो. काल तर मुद्दाम पडलो. आज गफारभाई आले. बोलले नाहीत, पण चहाची किटली घेऊन आले.

आशीर्वादाला पात्र नाही, तरी द्या.

तुमचा
सोमलिंग


मु. नागरकुंडी, ता. १० सप्टेंबर १९६१

ती. अक्काच्या पायांवर डोकं ठेवून सोमलिंगचा नमस्कार. वि. वि.

बांध टिकला. तळं पाऊण भरलं आहे. कोंडीरामनं नदीवरून मडक्यांतून माशांची पिल्लं आणून सोडली. सोलापूरला गेलेल्या पाच घरांपैकी दोन परतली, तिघांचं अजून ठरत नाही.

मागं तुम्ही लिहिलेलं मी उराशी बाळगून होतो. परवा बांधावर कोंडीरामजवळ बसलो आणि सगळं सांगितलं, की तुझ्या बापाचं आमच्या अप्पांनी ऐकलं नाही. तो म्हणाला, ठाऊक आहे. त्या साली तळ्यात एक मासा राहिला नव्हता. दोन वर्षं त्यांच्या घरात एकवेळचं जेवण होतं. तो तेव्हा विशीत होता, याच बांधावर उभा राहून त्यानं आम्हाला दगड रचताना पाहिलं होतं.

मी म्हणालो, म्हणजे ते बुडबुडे अंबाडीचे आहेत हे तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. घरदार गाडीत भरलंस, मग बोलला का नाहीस?

तो पाण्याकडं पाहत होता. म्हणाला, “मालक, तुमी कलेक्टरला इचारलं. सायबाला इचारलं. गफारभाईला इचारलं. मला कवा इचारलं?”

अक्का, मी कमिटीतली नावं मनात मोजली. तळ्याची कमिटी, आणि त्यात एकही भोई नाही. हे माझ्या ध्यानात आलं नाही, पाटलाच्या आलं नाही, मास्तरांच्या आलं नाही. मी आयुष्यभर स्वतःला हसत आलो, ते मला जमतं. त्या दिवशी हसू आलं नाही. लाज वाटली, फार लाज वाटली.

काल बैठक घेऊन मी अध्यक्षपद सोडलं आणि कोंडीरामचं नाव सुचवलं. तो पहिली मरळ घरी नेईल, असं कुणीतरी म्हणालं. मी म्हणालो, न्यावी. गफारभाईंनी पहिला हात वर केला. मला चिटणीस केलं आहे. अर्ज लिहिण्याआधी अध्यक्षाला विचारायचं, असा ठरावच झाला.

म्हणून हे पत्र टपालात टाकण्याआधी त्याला वाचून दाखवलं. त्यानं शेवटपर्यंत ऐकलं आणि एकच गोष्ट घालायला सांगितली. पत्रात सगळ्यांची नावं आली, म्हणाला, माझ्या बापाचं तेवढं राहिलं.

त्यांचं नाव दगडोबा होतं, अक्का.

तुमचा
सोमलिंग