सहाचा चहा आणि सत्तर टक्के मालक

३ एप्रिल
ठरलं! दप्तरं शिवायचा कारखाना कामगारांच्या नावावर करायचा. सत्तर टक्के त्या सातजणांचे, तीस माझे. गरिबी हटवायची तर आधी आपल्या छपराखालची हटवावी. आता मी साहेब नाही, भागीदार.

४ एप्रिल
फंडवाल्या मॅडम येऊन गेल्या. थोडं दान, थोडं स्वस्त कर्ज, थोडं भांडवल एकत्र करून नवी मशिनं घ्यायची. याला ब्लेंडेड फायनान्स म्हणतात. मुलीला फोनवर सविस्तर समजावलं. ती म्हणाली, बाबा, जेवलात का. पोरीला अर्थशास्त्राची गोडी नाही.

११ एप्रिल
मॅडमना शंका, कामगार टिकतील का. छातीठोकपणे सांगितलं, काम पाचला संपतं, तरी सगळे सातपर्यंत थांबतात. माझ्यासाठी! सहाला मी चहा मागवतो, पहिल्या मशिनची गोष्ट सांगतो. कुणी जागचं हलत नाही. कटिंगमास्तर तर डोळे मिटून ऐकतात. ही गेल्यापासून घर खायला उठतं. इथे माणसं आहेत.

२ मे
सह्या झाल्या. शिलाईवाल्या मावशी रडल्या. म्हणाल्या, आता लेकीचं कॉलेज सुटणार नाही. माझ्याबद्दल काही बोलल्या नाहीत. भारावल्या असणार.
संकल्प: उद्यापासून डबा सगळ्यांत बसून खायचा.

३ मे
भात करपला. डबा सोमवारपासून.

९ मे
मालकांची पहिली सभा. ठराव पहिला: पाचला कुलूप. मी थक्क. मास्तर चाचरत म्हणाले, साहेब, तुम्हीच उठत नव्हता, मग आम्ही कसं उठायचं? मावशी म्हणाल्या, घरी पोरं वाट बघतात हो. इतकी वर्षं कुणी बोललं का नाही? असो. ठराव एकमताने पास. मीही हात वर केला. पुरोगामी मालकाने करायलाच हवा. किल्ली मावशींकडे.

१० मे, सव्वापाच
घरी. वेळच वेळ! व्यायाम, वाचन, स्वयंपाक. आयुष्याला शिस्त लागणार.

१० मे, साडेपाच
व्यायाम उद्यापासून. जरा पाय मोकळे करून येतो.

१० मे, सात
पाय कारखान्याकडेच वळले. कुलूप. मावशींना फोन केला, किल्ली आणता का. आत काय राहिलं, त्यांनी विचारलं. छत्री, म्हटलं. सकाळी काढून ठेवते म्हणाल्या. मागे पोरं हसत होती, कुकरची शिट्टी झाली, त्यांनी घाईने फोन ठेवला.
छत्री हातातच होती.
समोरच्या चहावाल्याने सवयीने आठ कप मांडले. म्हटलं, एकच दे.