राहू दे

६ फेब्रुवारी, गुरुवार

कान अजून वाजताहेत! ताईला म्हटलं होतं, कुठेतरी शांत जागी भेटू, बाबांबद्दल बोलायचंय. तर म्हणे, "दवाखान्याशेजारी आयरिश पब आहे, गुरुवारी तिथे गाणंबजावणं असतं, तिथेच ये." दातांची डॉक्टर ही. दिवसभर हिच्यासमोर लोक आ वासून बसतात आणि एक अक्षर बोलत नाहीत, म्हणून संध्याकाळी हिला गोंगाट लागतो. मला काय लागतं ते कोण विचारतंय!

साडेसहालाच खचाखच भरलेलं. स्टेजबिज काही नाही — कोपऱ्यातल्या एका टेबलाभोवती चार जण कोंडाळं करून बसलेले, निम्म्यांची पाठ आपल्याकडे, आणि आपापसातच वाजवताहेत. एक व्हायोलिनवाली, एक बासरीवाला, एक जण छातीशी पेटी धरून ताणतोय, आणि एक डफवाला. म्हणजे डफासारखंच काहीतरी, मांडीवर उभं धरून आखूड काठीने बडवतात. तो बरोब्बर माझ्या कानाशी. एक धून कधी संपते, दुसरी कधी सुरू होते, मला कळेना. ताईला कळत होतं. मध्येच टेबल थोपटून "वा!" करायची.

तिने काळी बिअर मागवली. ती अर्धी भरून ठेवून देतात, फेस खाली बसू देतात, मग उरलेली भरतात. ताई म्हणाली, "बघ, इथे कुणी घाई करत नाही." टोमणा होता. मी लिंबू-सोडा घेतला.

नियम एकच, ती म्हणाली — वाद्यं थांबून कुणी एकटं गायला लागलं, की सगळ्या पबने गप्प बसायचं. ग्लाससुद्धा वाजवायचा नाही. आज कुणी गायलं नाही.

शेवटी तिच्या कानात ओरडले, "बाबा आता एकटे राहू शकत नाहीत. दोनदा पडले. तुझ्याकडे राहतील का?" ती डफवाल्याकडे बघत म्हणाली, "राहू देत."

इतकं सोपं! आणि मी तीन आठवडे झोप घालवली.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

बाबांना फोन केला. "ताई म्हणतेय, तुम्ही तिच्याकडे राहायला जा."

"असं म्हणाली? बरं."

बस्स. चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवलं या माणसाने. उत्तर देतात, रीत दाखवत नाहीत.

९ फेब्रुवारी, रविवार

ताईचा फोन. भडकलेली! बाबांनी तिला विचारलं म्हणे, येताना कपाट आणू का.

"मी कधी म्हणाले त्यांना ठेवून घेते म्हणून?"

"म्हणालीस. राहू देत म्हणालीस."

"अगं बाई, राहू दे म्हणाले! म्हणजे आत्ता नको तो विषय, गाणं ऐक!"

"देत म्हणालीस. त होता शेवटी. मी ऐकला."

"तो डफाचा असेल!"

मी मुद्रितशोधक. वीस वर्षं पाठ्यपुस्तकांतले काने-मात्रे तपासतेय. एका 'त'वरून सख्ख्या बहिणीशी पाऊण तास भांडले. आणि आता बाबांना परत फोन करून काय सांगू? एक अक्षर जास्त पडलं?

१० फेब्रुवारी, सोमवार

सांगितलं. "बरं," म्हणाले.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

परत तोच पब! म्हटलं घरी ये, तर म्हणे, "घरी आपण भांडतो." इथे काय गळ्यात गळे घालतो?

ताईची कारणं: तिचं घर दवाखान्याच्या वर, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, बाबांचा गुडघा. खरी आहेत, नाही कशाला म्हणू. पण मग म्हणाली, "तुझ्याकडे तर एक खोली रिकामीच पडलीय."

रिकामी! लेक शिकायला बाहेर गेली आणि शेहेचाळिसाव्या वर्षी मला पहिल्यांदा दार असलेली खोली मिळाली. त्याआधी सगळं लिखाण जेवणाच्या टेबलाच्या कोपऱ्यावर. ताटं आली की कागद उचलायचे. आता खिडकीशी माझं टेबल आहे. दार लावलं की घर आपोआप आवाज कमी करतं. अर्धी कादंबरी आहे त्या दाराआड. नवऱ्यालासुद्धा दाखवलेली नाही.

हे सगळं ताईला सांगायचं तर डफ थांबायला हवा. थांबेना. मी ओरडले, "तिथे माझं काम चालतं!"

"काय? घाम येतो?"

हो म्हटलं. येतो घाम.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

नवऱ्याला विचारलं. "तुझे बाबा, तू ठरव." जगातलं सगळ्यात बिनकामाचं वाक्य!

२० फेब्रुवारी, गुरुवार

लिहू नये असं वाटतंय. तरी लिहितेच.

ताई म्हणाली होती, बाबांनाही आण, चार भिंतींत कंटाळलेत. नेलं. इस्त्रीचा शर्ट घालून तासभर आधीच तयार होऊन बसले होते. मला वाटलं, कानांवर हात ठेवतील. कसलं काय! काठी दोन गुडघ्यांत धरून तिनेच जमिनीवर ताल धरला. ताईची बिअर चाखली, "कडू आहे" म्हणाले आणि निम्मी संपवली. डफवाल्याने त्यांच्या काठीकडे बघून मान डोलावली, तर बाबा लाजले. बाबा! लाजले!

मग बाथरूमला गेले. ताई टपलेलीच होती.

"बघ किती खूश आहेत. उन्हाळ्यापर्यंत तरी ने तुझ्याकडे."

"दरवेळी मीच का?"

"कारण खोली तुझ्याकडे आहे!"

"ती रिकामी नाहीये!"

"काय? ऐकू येत नाही, मोठ्याने बोल!"

माझी पाठ वाजवणाऱ्यांकडे. डफ, पेटी, व्हायोलिन, सगळं अंगावर आल्यासारखं झालं होतं. महिनाभराचा वैताग गोळा करून मी जीव खाऊन ओरडले, "मला नकोयत बाबा माझ्या घरात!"

आणि सगळ्या पबमध्ये तेवढं एकच वाक्य.

वाद्यं थांबली होती. कोपऱ्यात एक म्हातारी बाई डोळे मिटून गायला उभी राहिली होती. सगळे नियमाप्रमाणे चिडीचूप. ताईने ओठांवर बोट ठेवलं, पण उशिरा. ती माझ्याकडे बघतच नव्हती. माझ्या डोक्यावरून मागे बघत होती. वळले, तर खुर्चीमागे बाबा, काठी टेकून.

बाई गायल्या. कुणीतरी बोटीने गेलंय आणि परत येत नाही, असं काहीसं. संपेचना. गाणं चालू असताना हलायचं नाही म्हणून बाबा तसेच उभे. त्यांना बसा म्हणायलाही मला तोंड उघडता येईना.

संपल्यावर त्यांनी टाळ्या वाजवल्या. बसले. म्हणाले, "आवाज छान आहे."

कुणाचा, ते मी विचारलं नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

ताईचा मेसेज: "त्यांना ऐकू गेलं असेल का गं?" गेलं असेल का! रस्त्यापलीकडच्या औषधवाल्यालाही गेलं असेल!

चार वेळा फोन हातात घेतला. माफी मागायची म्हणजे ते वाक्य पुन्हा मध्ये आणायचं. आणि काय सांगू? मला खोली हवी होती, असं म्हणायचं होतं. तोंडातून बाबा नकोत असं निघालं. दुसऱ्यांच्या वाक्यांतल्या चुका काढण्यात आयुष्य चाललंय माझं.

नववीत मी गणितात नापास झाले होते. त्यांच्याच शाळेत, त्यांच्याच विषयात. शिक्षकांच्या खोलीत काय काय ऐकावं लागलं असेल त्यांना. घरी आले, प्रगतिपुस्तकावर सही केली आणि म्हणाले, "भाषेत चांगले आहेत."

२३ फेब्रुवारी, रविवार

खोली रिकामी केली.

टेबल दारातून निघेना, पाय सोडवावे लागले. नवरा म्हणाला, "नक्की ना?" म्हटलं, "बोलू नकोस, धर." खिडकीशी पलंग लावला. कादंबरी खोक्यात, खोकं कपाटावर. पलंगाखाली नको, बाबा अडखळतील.

हे जेवणाच्या टेबलाच्या कोपऱ्यावर लिहितेय. वहीला मीठ चिकटलंय.

आणि गंमत बघ, संध्याकाळी त्या पलंगावर नुसती बसले, तर वाईट वाटलं नाही. ते येतील, खोकतील, पेपर मोठ्याने वाचतील, शब्दकोडं माझ्याकडून सोडवून घेतील आणि आपण सोडवलं म्हणतील. डोक्यात तो सगळा आवाज आत्ताच सुरू झालाय. मला ते हवेत. हे वाक्य कुणी ऐकलं नाही, अर्थात. पब गप्प असताना मला असली वाक्यं कुठली सुचायला!

परवा जाऊन घेऊनच येते.

२४ फेब्रुवारी, सोमवार

बाथरूममध्ये आधाराची दांडी बसवून घेतली. कारागिराने विचारलं, "उंची किती त्यांची?" हात वर केला, मग जरा खाली आणला, मग अजून जरा.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

गेले, तर बॅग भरलेली. मी म्हटलं, "चला बाबा, खोली तयार आहे."

"अगं, ताई येतेय न्यायला. तिच्या दवाखान्यामागे सामानाची खोली आहे ना, तळमजल्यावर, ती मीच मागून घेतली." मग माझ्या हातावर थोपटत म्हणाले, "त्या दिवशी तू बोललीस, फार बरं झालं बघ. मलाही तुझ्याकडे यायचं नव्हतं. तुझ्या घरात शिंकायचीसुद्धा चोरी. पण तुला वाईट वाटेल, म्हणून धीर होत नव्हता."

म्हटलं, "वाईट कसलं, बाबा!"

बॅग मीच खाली नेली.