बाबल्या कौलांवर असताना

जाकादेवीजवळची आपली वाडी,
जि. रत्नागिरी.
भात झोडून झाल्यावरचा सोमवार.

ती. दर्शनावन्संना,

सगुणाचा वाकून नमस्कार. वाकून करते आहे पण रागावून करते आहे, हे आधीच सांगते, म्हणजे पत्र शेवटपर्यंत वाचाल. तुमचा गुडघा कसा आहे? भावोजींची साखर खाली आली का, की अजून तुमची पाठ वळली की जिलेबी चालूच आहे? इकडे आम्ही मायलेकी ठीक. समीक्षा शनिवारी होस्टेलवरून येते, रविवारी जाते आणि मधल्या वेळात माझं ब्लडप्रेशर मोजते. (पट्टा बांधला की म्हणते, "आई, आता बोलू नकोस." न बोलल्यानंच माझं वाढतं, हे त्यांच्या नर्सिंगच्या पुस्तकात लिहिलेलं नाही.) फोन का केला नाही म्हणाल, तर फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही. कागद बिचारा मध्ये तोंड घालत नाही.

तर वन्सं, मुंबईच्या त्या जवान-कुटुंब आधार मंडळात माझं नाव मला न विचारता तुम्ही दिलंत. आपल्या घरातल्या कुणी कुणापुढे हात पसरला नाही, हे मला सासरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात कुणी शिकवलं? तुम्हीच. शेजारून वाटीभर साखर आणली म्हणून तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत, की मी ती वाटी तशीच परत देऊन आले आणि त्या दिवशी मामंजींसकट सगळ्यांनी बिनसाखरेचा चहा प्यायला. आता वाटीभर साखर नको म्हणणारी नणंद मुंबईच्या लोकांकडे माझ्यासाठी पोतं मागते, म्हणजे कमाल झाली.

हो, गरज आहे. ते नाकारत नाही. समीक्षाच्या पहिल्या वर्षाच्या फीला माझ्या पाटल्या गेल्या, दुसऱ्या वर्षासाठी हातात घालायला आणि हातातून काढायला काहीच उरलेलं नाही. फी भरली नाही तर पोरगी पुढच्या महिन्यात ट्रंक घेऊन घरी. ह्यांनी पलटण सोडली ती पेन्शनीला चार वर्षं उरलेली असताना, मामंजींचं अंग लुळं पडलं म्हणून. बापाची सेवा घडली, पेन्शन बुडाली, मग टेंपो चालवला आणि दोन वर्षांमागे टेंपोतच छातीत कळ आली. हे सरहद्दीवर गेले असते तर गावात कमान उभी राहिली असती. घाटात गेले, म्हणून नुसता पंचनामा. याचा मला राग आहे, आणि तो मी कुणाला विचारून कमी करणार नाही.

असो. मंडळाचं कार्ड आलं, की आमचे सदस्य घर बघायला येतील. आता तुम्हीच सांगा, आपल्याकडे माणसं घर बघायला कशासाठी येतात? मुलगी द्यायची-घ्यायची असली तर. आणि घर बघायला पाहुणे येणार म्हटल्यावर घराची लाज ती वाडीची लाज. मी तुळसाकाकूला (म्हणजे आपली पलीकडची, जिच्या कोंबड्या तुम्हाला आवडत नाहीत) नुसतं म्हटलं, की मुंबईचे लोक येणार आहेत. ती म्हणाली, "सगुणे, त्यांनी काय म्हणायचा मगे? वाडीत माणसा ऱ्हात नायत?" आणि तिनं आपला सोफा उचलायला चार गडी लावले. तो बघून गंगारामाच्या सुनेनं वॉशिंग मशीन धाडलं. शाळेमागच्यांनी फ्रीज दिला. (आत सुक्या कोळंबीच्या सोड्यांचा डबा तसाच.) बाबल्या, आपला लांबचा दीर, ज्याला काम नसलं की तो दुसऱ्याच्या कामात असतो, त्यानं देवळातला मोठा पंखा आणून ओटीवर उभा केला. मी अंगण सारवलं, सुरमई आणली, काळ्या वाटाण्यांचं सांबारं केलं, घावणे घातले, सोलकढी केली. संध्याकाळपर्यंत आपलं घर असं दिसायला लागलं, की मीच दारात चपला काढून आत गेले.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. हरिश्चंद्रराव नाव. बँकेतून रिटायर झालेले, सज्जन गृहस्थ, पांढरा सदरा, आणि हातात मोबाइल, ज्यात ते एका बोटानं टाइप करत होते. सोफ्यावर बसले. पंख्याच्या वाऱ्यानं त्यांचे चार केस उभे राहिले ते जाईपर्यंत बसले नाहीत. वॉशिंग मशीनकडे बघून म्हणाले, "हे चालतं का?" मी तोंड उघडायच्या आत दारातून तुळसाकाकू ओरडली, "चालता म्हंजे? येकदम नवा हाय!" (मशीन ओटीवर, नळ विहिरीवर. पण साहेब मुंबईचे, त्यांच्या ते लक्षात आलं नाही.) मग त्यांची नजर कोपऱ्यातल्या बुटांवर गेली. ह्यांचे पलटणीतले काळे बूट, आरशासारखे. ते त्यांनी निरखून बघितले आणि एका बोटानं काहीतरी टाइप केलं. जेवले मात्र मनापासून. सुरमईचा तिसरा तुकडा मी वाढला तो नको नको म्हणत खाल्ला.

आठ दिवसांनी फोन. "सगुणाताई, वाईट वाटून घेऊ नका, पण तुमच्या घरची परिस्थिती उत्तम आहे. घरात कमावता पुरुषही दिसतो." मी म्हटलं, कोण हो? ते म्हणाले, "बूट रोज पॉलिश होतात, ताई." वन्सं, मी फोन ठेवून दिला. मला आधी हसू येणार होतं, ते आलं नाही. तुम्हाला ठाऊक आहे, हे पलटण सोडून आले तरी संध्याकाळी बूट चमकवायचे. टेंपो चालवायचे चपलेवर. ते गेल्यापासून दर रविवारी मी पॉलिश करते. का करते हे मला कुणी विचारू नये. सोफ्याचं मी सांगितलं असतं, बुटांचं मला सांगता आलं नाही.

पण समीक्षानं मला न विचारता (हा गुण तुमच्याकडून आला) साहेबांना फोन करून सोफा कुणाचा, फ्रीज कुणाचा, सगळं सांगितलं. ते म्हणाले, रत्नागिरीत काम आहे, पुन्हा येऊन जातो. झालं. वाडीला वाटलं आपलं चुकलं, आता भरून काढू. ते यायचे त्या दिवशी सकाळी सकाळी सोफा गेला, फ्रीज गेला, मशीन गेलं, इथपर्यंत ठीक. पण मग तुळसाकाकू आपलं ठिगळाचं लुगडं घेऊन आली, की हे नेस. कुणीतरी एक बरगड्या मोजाव्यात अशी शेळी आणून माझ्या खांबाला बांधली. (शेळीनं माझी तुळस खाल्ली.) आणि बाबल्या शिडी लावून थेट घरावर. म्हणतो, "वैनी, दोन वळी कौलां काढतो. आभाळ दिसला पायजे. घर कसा गरिबाचा वाटला पायजे."

तिथे माझं डोकं फिरलं. वन्सं, आम्हाला गरज आहे, पण आम्ही भिकारी नाही, आणि या दोन गोष्टींतला फरक दाखवायला कौलं काढावी लागत नाहीत. लुगडं मी तुळसाकाकूच्या खांद्यावर परत टाकलं. शेळी सोडली. बाबल्याला म्हटलं उतर. तो म्हणतो, "तुमाला काय कळता नाय." मी शिडी काढली आणि गुरांच्या मांगराच्या मागे ठेवली. म्हटलं, बस आता गरिबी दाखवत. मग आत गेले, केस विंचरले आणि निळी कांजीवरम नेसले, जी ह्यांनी शेवटच्या सुट्टीत पलटणीतून येताना आणली होती. लग्नाला नेसतात ती. सकाळी दहा वाजता. घरात.

आणि साहेब आले ते याच वेळी. गाडीतून उतरले ते वर बघतच. बाबल्यानं कौलांवरून हात जोडून नमस्कार केला. साहेब मला म्हणाले, "घराची डागडुजी काढलीत वाटतं?" आणि मोबाइल बाहेर काढला. मी म्हटलं, तो मोबाइल आत ठेवा, आधी जेवा. या वेळी घरात जे होतं तेच वाढलं, कुळथाची पिठी, भात आणि भाजलेला सुका बांगडा. पिठी दोनदा मागून घेतली. हात धुताना बुटांकडे बघून हळूच म्हणाले, "हे कोण घालतं?" मी म्हटलं, कुणी नाही. मी पॉलिश करते. त्यांनी हात पुसायचा टॉवेल नीट घडी करून खुंटीवर टाकला. मग म्हणाले, "माझंच चुकलं, ताई."

इथे मी त्यांना माफ करणार होते, तेवढ्यात त्यांनी फोटोचं काढलं. देणगीदारांना पाठवावा लागतो म्हणे. ह्यांच्या तसबिरीशेजारी उभ्या राहा. साडी जरा साधी असती तर. आणि चेहरा थोडा... असं म्हणून स्वतःचाच चेहरा पाडून दाखवला. मी म्हटलं, साहेब, माझं रडून झालं आहे. जे उरलं आहे ते माझं आहे, ते मी देणगीदारांना देणार नाही. ज्यांनी पैसे दिले त्यांना कळू दे की ते पायांवर उभ्या असलेल्या बाईला गेले. साडी हीच राहील, ह्यांनी आणलेली आहे. नाही जमत, तर मदत परत न्या, सुरमई मात्र परत देता यायची नाही. साहेब काही बोलणार, तोच वरून रडवेला आवाज आला, "वैनी गो! कौल तापला! शिडी दे!"

वन्सं, मी हसले. तसबिरीशेजारी, कांजीवरममध्ये, पोट धरून हसले. हे गेल्यापासून मोठ्यानं हसलेच नव्हते, हे मला हसताना कळलं. आणि साहेबांनी त्याच एका बोटानं फोटो काढला.

मंडळानं तोच फोटो लावून मदत मंजूर केली, असा काल निरोप आला. मदत घेईन, कारण ती समीक्षाच्या हक्काची आहे. तिच्या बापानं तारुण्य दिलं आहे, ते काही उसनं नव्हतं. पण ते म्हणतात, ध्वजदिनाच्या रविवारी रत्नागिरीत कार्यक्रम आहे, स्टेजवर या, शाल घ्या, ह्यांच्याबद्दल दोन शब्द बोला. ते मी साफ नाकारलं आहे. चेक पोस्टानं पाठवा म्हटलं. मी कुणाच्या स्टेजवर जाणार नाही, हे तुम्हीही लिहून ठेवा.

भावोजींना नमस्कार. गुडघ्याला करंजेल चोळा, टीव्हीतलं मलम नको.

तुमची रागावलेली,
सगुणा

ता. क. बाबल्याला आम्ही जेवणानंतर उतरवलं. त्याच्या पायांना फोड आले आहेत, समीक्षानं पट्टी बांधली. तो सगळीकडे सांगतो आहे की मदत त्याच्यामुळे मिळाली. ते खरं आहे, पण तुम्ही त्याला कळवू नका.

ता. क. २. स्टेजवर जाणार आहे. हरिश्चंद्ररावांना आज सकाळीच फोन करून सांगितलं. चेक पोस्टानं येतो, पण ह्यांचं नाव पोस्टानं कुणी मोठ्यानं वाचून दाखवत नाही. एकदा तरी माइकवरून वाचलं जाऊ दे. कांजीवरम धुऊन ठेवली आहे.

ता. क. ३. आता ज्यासाठी एवढं लिहिलं ते. वन्सं, तिथे दोन शब्द बोलताना मी रडेन, मला खात्री आहे, आणि मला त्या लोकांसमोर रडायचं नाही. ह्यांच्या तेराव्याला सगळ्या बायका माझ्या गळ्यात पडत होत्या तेव्हा तुम्ही एकट्या ओरडलात, "सगुणा, भाताला आधण जास्त झालंय, लक्ष कुठाय?" त्या दिवशी मी उभी राहिले ती त्याच्यामुळे. हे तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं. तर शनिवारच्या गाडीनं या. पहिल्या रांगेत, बरोबर माझ्या समोर बसा, आणि त्या साखरेच्या वाटीच्या वेळी पाहिलंत तसं माझ्याकडे बघा. लांबचा चष्मा आणा. आणि तुम्ही तिथे रडायचं नाही. गेला तो तुमचा पाठचा भाऊ होता हे मला ठाऊक आहे. ते घरी आल्यावर, दोघी मिळून, दार लावून.