पहिल्या संक्रांतीचं बोलावणं

५ जानेवारी

डोकं उठलंय! सोळा तारखेला कॉलेजात माझं व्याख्यान — इज्जतीसाठी केलेला खून, घरातली मारझोड आणि द्वेषातून केलेला खून, यांत फरक काय. आणि स्टाफरूममध्ये शंतनुदा चहा ढवळत म्हणतात, "सगळी घरगुती हिंसाच की! वेगळं नाव कशाला? आणि ते तुमच्या तिकडचं, आमच्या बंगालात नाही." तुमच्या तिकडचं! जन्मले इथे, केस पिकले इथे, पण खून म्हटला की मी महाराष्ट्राची!

७ जानेवारी

बायकोला मारणारा नवरा बहुतेक एकटा असतो, आणि त्याला ते लपवायचं असतं. द्वेषाने मारणाऱ्याला समोरच्याचं नावही ठाऊक नसतं, जात-धर्म कळला की पुरे. इज्जतवाले मात्र ज्या हातांनी भरवलं त्याच हातांनी मारतात. सगळं घर मिळून ठरवतं. नंतर घरातलं एकही माणूस तक्रार द्यायला जात नाही.

पण लेक आणि जावई दोघंही मारले तर? तिच्यापुरती इज्जत आणि त्याच्यापुरता द्वेष? कोयता एकच ना! कसले डोंबलाचे कप्पे पाडतेय मी.

८ जानेवारी

विनायकला फोन केला, उचलला नाही. माझा सख्खा धाकटा भाऊ — शिकलेला, खिदिरपूरला बंदरात साहेब! चैत्रालीने मार्चमध्ये आशिषशी लग्न केलं तेव्हापासून लेकीचं नाव घरात काढू देत नाही. तिची आई लीना बिचारी चोरून रडते. गावाहून चुलतभाऊ दत्तात्रय फोनवर काड्या घालतोच आहे.

"बंगाली केला असता तरी गिळलं असतं," विनायक तेव्हा म्हणाला होता. म्हणजे बंगाल्यांच्या जाती याला इतकी वर्षं कळल्या नाहीत, आशिष मराठी, त्याची जात मात्र आडनाव ऐकल्या ऐकल्या कळली! पोरं बागबाजारला राहतात. पत्ता फक्त मला ठाऊक.

१० जानेवारी

विनायकचा फोन!! "ताई, पोरांची पहिली संक्रांत. बोलाव दोघांना. लीना हलव्याचे दागिने करतेय, हळदीकुंकूही ठेवलंय. झालं गेलं गंगेला मिळालं."

मी रडलेच. तशीच बागबाजारला गेले. आशिषने नुसतं चैत्रालीकडे बघितलं. चैत्राली म्हणाली, "आत्या, तू म्हणतेस म्हणून येऊ हं." मी म्हटलं, "अगं, बापच आहे तो!"

११ जानेवारी

लीनासाठी काळी साडी घेतली. तिलाही कुणी काही द्यायला हवं.

१२ जानेवारी

व्याख्यानात भर घातली — अशा खुनांत पुष्कळदा आधी समेट होतो, गोड बोलून घरी बोलावतात. शंतनुदांना वाचून दाखवलं. "जरा फिल्मी वाटतं," म्हणाले. कपाळ माझं! वर विचारतात, संक्रांतीला आमच्याकडे तांदळाची गोड पिठे खायला येणार ना? म्हटलं, यंदा नाही, यंदा भावाकडे आहे.

१४ जानेवारी, सकाळ

लीनाला सहज फोन केला — वाणं किती आणू? ती अगदी हळू, "ताई, वाणं नकोत. एकही बाई बोलावू दिली नाही. हलव्याचं एक फूल ओवलेलं नाही. दत्तात्रय भावजी आलेत, दोन्ही मुलगे घेऊन. मला म्हणाले, संध्याकाळी देवळात जाऊन बस."

बायकांशिवाय हळदीकुंकू!

आणि आमंत्रण घेऊन गेले ती मी! सगळं लिहून, वाचून दाखवून, भांडून — मी! लीनाला म्हटलं, देवळात नको, आत्ताच्या आत्ता माझ्याकडे निघ. बागबाजारला चाललेय. चैत्राली, बाई, फोन उचल गं.

१४ जानेवारी, दुपार

पोरं माझ्याकडे आहेत. विनायकचा फोन आला होता. "ताई, वाट बघतोय गं. पाठव की पोरांना." इतकं गोड तो जन्मात बोलला नव्हता.

तक्रार द्यायला पोलीस ठाण्यात निघालेय. घरातलं कुणी जात नाही, असं मीच लिहिलं होतं. लीना माझ्याआधी चपला घालून दारात उभी आहे.