तळ्याखालची खाचरं

आई, तुला जाऊन दहा वर्षं झाली. महायुद्धामुळे कागद मिळत नाही, तरी माझ्या ऐतिहासिक कादंबरीची दुसरी आवृत्ती निघते आहे. तुझ्या कानावर तिचं एकच प्रकरण पडलं. लोणावळ्याच्या आपल्या स्वयंपाकघरात तू तांदूळ निवडते आहेस आणि मी मोठ्या ऐटीत वाचतो आहे: अडीचशे वर्षांपूर्वीचे शत्रूचे स्वार भर आषाढात कुरवंड्याच्या घाटाकडून दौडत येतात, तळ्यावर घोड्यांना पाणी पाजतात. तू मान वर न करता म्हणालीस, "तितं तळं न्हवतं रं. धरान बांदलं तवा पानी आलं. त्याच्याखाली आपली भाताची खाचरं हायती. तुला बांधावर निजवून म्या लावनी केलीय." मला कळायला लागल्यापासून तिथे पाणीच बघत आलो, म्हणून ते आधीपासूनच असणार, असं मी धरून चाललो होतो. चार वर्षं बखरी चाळणारा शहाणा मी! लाज वाटायच्या ऐवजी रागच आला. "तुला इतिहासातलं काय कळतं?" असं बोलून गेलो. तू सूप बाजूला ठेवून चूल पेटवायला उठलीस.

दोन दिवसांनी वही घेऊन मुकाट्याने तुझ्यापुढे बसलो. तू काही मनात ठेवलं नव्हतंस. कोणतं खाचर खोल, पाणी कुठून उतरायचं, सगळं सांगितलंस. "आषाढात तितं बैल पोटापातूर रुततोय, तुजी घोडी कशी पळत्याल? बांधाबांधानं एकामागं एक जावं लागंल." मग मी प्रकरणातून तळं काढून टाकलं आणि शत्रूचे घोडे त्या चिखलात घातले. बखरीत कोण लढलं ते सापडतं, पण घोड्याच्या पायाखाली काय होतं ते कोणी लिहीत नाही. माझी अडलेली लढाई तुझ्यामुळे सुटली, आई. लोक आजही त्याच प्रकरणाची तारीफ करतात.

पुण्याच्या एका इतिहाससंशोधकांनी मागच्या महिन्यात विचारलं, ह्या खाचरांना आधार काय? मी म्हणालो, मावळातल्या एका घरी जुना कागद मिळाला. का म्हणालो, कोण जाणे. शाळा न पाहिलेल्या आईचं नाव त्यांच्यासमोर घ्यायला मी लाजलो, हेच खरं. प्रस्तावनेतसुद्धा छापखानेवाल्यांचे आभार आहेत, तुझे नाहीत.

येत्या रविवारी ते तो कागद बघायला येणार आहेत. दाखवायला माझ्याजवळ हे पत्र तेवढं आहे. सकाळपासून दोनदा ते पाकिटात घातलं, त्यांचा पत्ताही लिहिला, आणि दोन्ही वेळा परत बाहेर काढलं.