आठवड्यापुरतं घर

अनयनं घरी न विचारता लग्न केलं, तेव्हापासून चंद्रशेखर लेकाशी बोलत नव्हते. २००६च्या उन्हाळ्यात तो राहायचा त्या अमेरिकेतल्या ॲन आर्बरला आले, तेही त्याच्याकडे न उतरता हॉटेलात राहायच्या अटीवर. पण उत्तराबाईंनी इंटरनेटवर आठवड्याच्या भाड्यानं मिळणारं एक घर शोधलं, आणि नवऱ्यानं कुरकुर न करता हॉटेल कॅन्सल केलं. शनिवारी ते फिरायला गेलेले असताना बाईंनी घाईघाईनं चिठ्ठी लिहून फ्रिजवर लावली.

“अहो, मी हिमानीबरोबर फार्मर्स मार्केटला जातेय. भात झालाय, आमटी तेवढी गरम करा. भरली वांगी झाकून ठेवलीत. अनय जेवायला येतोय. आधी सांगितलं नाही, चिडू नका. हॉटेलात त्याला लॉबीत बसवून कॉफी पाजली असती आपण. तुम्ही हे घर घेऊ दिलंत, म्हणून त्याच्यासाठी रांधता आलं. फार बरं वाटलं. वाढायचं मात्र तुम्ही. तो मागून घेणार नाही, दुसऱ्यांदा विचारा. – उत्तरा”

सुनेबरोबर त्या बाजारात मुद्दाम रेंगाळल्या. परतल्या तेव्हा स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती. अनय भांडी घासत होता, चंद्रशेखर विसळत होते.

“अरे, कढईचा तळ बघ! किती तेलकट ठेवलायस!”

उत्तराबाई पायरीवरच थबकल्या.

“आई, आत नाही जायचं?” हिमानीनं विचारलं.

“थांब गं जरा,” त्या डोळे पुसत म्हणाल्या. “ओरडू देत त्यांना. इतकी वर्षं तेवढंसुद्धा बोलले नव्हते.”